ठोंबरे काकांचा पहिला नंबर

गॅरेजमधले किस्से नखातल्या ग्रीससारखे साठतात. धुतले तरी जात नाहीत. मला चारचौघांत बोलता येत नाही, शाळाही लवकर सुटली, म्हणून लिहून काढतो.

अधारतालच्या आमच्या गॅरेजात चौघांची लीग आहे. मालक विनोद भैया, स्पेअर पार्टवाली ज्योती दीदी, रिटायर झालेले ठोंबरे काका आणि मी. अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसचे ड्रायव्हर सीझनआधी चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे आणि पाळीपाळीने निवडायचे. हा ड्राफ्ट. एकाने घेतलेला ड्रायव्हर दुसऱ्याला मिळत नाही. तो रविवारी पुढे आला की सोमवारी आपल्याला पॉइंट!

*

दीदीने पहिल्या ड्राफ्टसाठी दोन महिने वही भरली. भैयाने फक्त लाल गाड्या घेतल्या. "लाल गाडी जोरात पळते!"

जिंकला भैया. दीदीने आठ दिवस त्याला ब्रेक शू दिले नाहीत.

*

मी एक नाव पाठ केलं होतं. तोंड उघडेपर्यंत दीदीने तोच ड्रायव्हर घेतला. पुढच्या वर्षी मी नाव कागदावर लिहून वर धरलं.

भैया म्हणाला, "हा लग्नातही पाटी धरून उभा राहील!"

*

काका सगळे म्हातारे, हळू चालवणारे ड्रायव्हर घ्यायचे.

"काका, हे जिंकत नाहीत!"

"ठोकतही नाहीत. रेस संपली की घरी जातात."

काकांचा मुलगा नितीन माझ्या शेजारी काम करायचा. तिलवाऱ्याच्या पुलाजवळ त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. एकोणीस वर्षांचा होता. त्याचा पान्यांचा डबा अजून माझ्या डब्याशेजारीच आहे.

*

सोमवारी काका चहाला यायचे. पॉइंट कधी विचारले नाहीत. एकच प्रश्न, "माझे सगळे गाडीतून उतरले ना?"

*

लागोपाठ तीनदा शेवटचा आला तो लीगबाहेर, हा नियम भैयाने गमतीत केला होता. काका दोनदा शेवटचे आले. काकू आधीच गेलेल्या; सोमवारचा हा चहा सोडला तर काका कुठे जात नसत. नियम मोडू म्हटलं तर ऐकेनात. "खेळ म्हणजे खेळ."

यंदा काकांना पहिल्या नंबरची चिठ्ठी मिळाली, म्हणजे पहिली निवड त्यांची!

दीदी म्हणाली, "काका, चॅम्पियन घ्या. काहून विचार करून राहिले?"

काकांनी चष्मा पुसला. यादीत खाली बोट नेलं आणि एका नव्या पोरावर टिक केली. एकोणीस वर्षांचा. दर दुसऱ्या रेसला गाडी भिंतीवर घालणारा.

भैया ओरडला, "अरे काका! हा तर तुम्हाला बाहेरच काढेल!"

"तुमच्यापैकी कोणी घेणार होतं याला?"

दीदीने आपली वही मिटली.

"मग सोमवारी याची विचारपूस कोण करणार?"