उसाच्या तुऱ्याची नक्षी

हुपरीच्या शिवांजली मगदूमचा हात पैंजणाच्या साच्यांवर बसलेला. पोलादी साचा छोट्या कारागिरांना परवडत नसे, म्हणून तिनं जुने सुटे भाग जोडून थ्रीडी प्रिंटर उभा केला आणि त्यावर स्वस्तातले साचे काढू लागली. उसाच्या तुऱ्याची नक्षी तिनं स्वतः संगणकावर आखली आणि ती फाइल गल्लीतल्या सगळ्यांना मोबाइलवर फुकट पाठवली.

वर्षभरानं कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याची नोटीस आली. त्यानं तीच नक्षी आपल्या नावावर नोंदवली होती. आता चोर ठरली शिवांजली!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोटीस घेऊन ती थेट त्याच्या दुकानात शिरली.

"कधी उसात तरी गेलायसा का ओ? आन् तुरा तुमचा?"

"कागद माझ्याकडं हाय की," तो हसला.

मग शिवांजलीनं एक वकीलबाई गाठल्या आणि नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केला. पुरावा म्हणून गल्लीतल्या बायकांनी आपापले फोन पुढं केले. फाइल त्याच्या नोंदणीआधीच सगळ्यांकडं पोचली होती, हे तारखांवरून सिद्ध झालं आणि नोंदणी रद्द झाली.

पण वकीलबाई म्हणाल्या, "आधीच सगळ्यांना दिलेली नक्षी आता कुणाच्याच नावावर होणार नाही. तुमच्याही नाही. तोसुद्धा ती विकू शकतो."

"म्हंजे वाटून खाल्लं हाच माझा गुन्हा व्हय?" शिवांजली ओरडली.

हल्ली ती नवी नक्षी आधी स्वतःच्या नावावर नोंदवते, मगच गल्लीत देते. पण त्या दुकानावरून जाताना अजूनही भर रस्त्यात शिव्या घालते. कुणी गप्प बस म्हटलं, तर त्यालाही.