चांदा, गोरखभाऊ आणि गरीब देशांचं कर्ज

आमच्या त्या खोलीतलं कुणी भेटलं की चहा येईपर्यंतही धीर निघत नाही. "तो शेवगावचा बाजार आठवतो का?" म्हणून एक सुरू करतो, आणि त्याचं संपायच्या आत दुसऱ्याला दुसरंच आठवतं. हल्ली भेटणारे कमी झालेत. किस्से मात्र तेवढेच आहेत!

खोली नगरमध्ये, एका सायकलच्या दुकानावर होती; वर मोकळी गच्ची. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. गरीब देशांवरचं कर्ज माफ करा, आणि वाचलेला पैसा त्यांच्या शाळांना, दवाखान्यांना, पाण्याला जाऊ द्या, यासाठी देशोदेशी लोक सह्या गोळा करत होते. आमच्या जिल्ह्यात ते काम आम्ही चौघं करायचो. शेवगावच्या रिटायर्ड नर्स बनसोडे मॅडम. देवळाली प्रवऱ्याचे ऊसवाले गोरखभाऊ, कारण जीप त्यांची होती! मी, शाळामास्तर. आणि आफ्रिकेतल्या झांबियाचा चांदा. तो राहुरीला शेतीचं शिकत होता. मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींकडून मराठी शिकला होता, त्यामुळे बोलायचा थोडं, पण गोड.

* * *

आता चांदा नावाचं गाव आमच्या नेवासे तालुक्यातही आहे. त्यामुळे सोनईच्या बाजारात जे व्हायचं तेच झालं. फेटेवाल्या एका आजोबांनी त्याला अडवलं.

"नाव काय रं?"

"चांदा."

"गाव न्हाई, नाव इचारतोय!"

"नाव चांदा."

आजोबा वैतागले. "बरं, ऱ्हाऊ दे. चांद्यात कोनाचा तू?"

चांदानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "आईचा."

आम्ही हसलो. आजोबा नाही हसले. पिशवीतला एक पेरू काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मंग जाऊन ये की एकदा घरी. म्हातारी वाट बघत आसंल. एसटी जाती की थेट!"

* * *

शेवगावच्या बाजारात मी भाषण ठोकत होतो. जागतिक अर्थव्यवस्था, व्याजाचा बोजा, वगैरे. समोर बांगड्या विकणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"पैसं घेतलं कुनी?"

"तिथल्या सरकारनं."

"आन् फेडतंय कोन?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर चांदा म्हणाला, "माझी बहीण."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग त्यानं सांगितलं. हप्ते भरता भरता सरकारकडं काही उरेना, म्हणून शाळेला फी लागली, दवाखान्यात पैसे मागायला लागले. घरात एकाच्याच फीची ऐपत होती. तो शिकला, बहीण मुताले घरी बसली.

"हुशार कोन हुतं? तू का ती?"

"ती."

बाईंनी सही केली. पेन परत देताना मला म्हणाल्या, "मास्तर, पयलं त्या पोरीला शाळंत घाला. मंग करा किती बी भाषन!"

* * *

आमच्यात एकच मोठं भांडण झालं, ते अटींवरून. गोरखभाऊंचं म्हणणं, "माफ म्हंजी माफ! वर आनि अटी कशाला? ती काय माफी झाली?"

मॅडमचा आवाज चढला. "अट पाहिजेच. मी तीस वर्षं दवाखान्यात काढलीत. वरून निघालेलं औषध खाली कसं पोचत नाही ते मला विचारा. पैसा शाळेला, दवाखान्याला गेला पाहिजे, असं लिहूनच घ्यायचं."

दोघांनी चांदाकडं बघितलं. तो बिचारा म्हणाला, "दोघं बरोबर. पण अट आमच्या लोकांनी घालायची. आत्तापर्यंत कर्ज देणारेच घालत आले."

भांडण मिटलं नाही. शेवगावपर्यंत जीपमध्ये दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मॅडम उतरल्यावर गोरखभाऊ मला म्हणाले, "मास्तर, मॅडमला सांगा, दार नीट लावा."

मॅडमनी धाडकन दार लावलं. "सांगा त्यांना, विनाअट लावलंय!"

* * *

एकदा शनिशिंगणापूरला गेलो. घरांना दारं नाहीत हे चांदाला दाखवायची गोरखभाऊंना भारी हौस! "बघ, आत सगळं हाय, आन् कडी न्हाई, कुलूप न्हाई. हाय का तुमच्याकडं आसलं?"

चांदानं एका रिकाम्या चौकटीवरून हात फिरवला.

"आमच्या दवाखान्याला कुलूप आहे," तो म्हणाला. "आत काही नाही."

परतीच्या रस्त्यावर गोरखभाऊंनी रसवंतीपाशी जीप थांबवली आणि त्याला आग्रह करकरून तीन ग्लास रस पाजला.

* * *

पुढं त्याच्या देशाचं बरंच कर्ज खरंच माफ झालं. लहान मुलांच्या शाळेची फीही गेली, असं मी पेपरात वाचलं. मुतालेच्या वयाला ते उपयोगी नव्हतं. मॅडम आता नाहीत. खोलीत मोबाईलचं दुकान आहे.

पण त्या रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे होतो. श्रीमंत देशांनी बैठकीत माफीचं पहिलं मोठं वचन दिल्याची बातमी आली होती. गोरखभाऊंनी पेढे आणले आणि म्हणाले, "चला, आईला फोन लावू!" चौघं एसटीडी बूथमध्ये दाटीवाटीनं उभे राहिलो. चांदाची आई दर रविवारी गावातल्या दुकानात फोनची वाट बघत बसायची. तिला बेंबा भाषेशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

चांदा तिच्याशी बोलला, आणि मग त्यानं रिसीव्हर मॅडमच्या हातात दिला. "तिला तुमचा आवाज ऐकायचाय."

मॅडम आधी गोंधळल्या. मग सरळ गावाकडच्या मराठीतच सुरू झाल्या. "अहो, पोरगं बरं हाय तुमचं. जेवतो नीट. काळजी करू नका. फकस्त संध्याकाळी गच्चीवर एकटाच बसून ऱ्हातो, तेवढं बघवत न्हाई."

पलीकडून आई काहीतरी बोलली. मॅडम "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. बूथवाला आमच्याकडं बघून डोक्याला हात लावत होता!

चांदानं रिसीव्हर परत घेतला. ऐकलं. हळूच खाली ठेवला.

"काय म्हनली रं?" गोरखभाऊंनी विचारलं.

"म्हणाली, संध्याकाळी गच्चीवर एकटा बसू नकोस."