भाकरी बांधल्याशिवाय न निघालेली कादंबरी

लढाईच्या दिवसांत मी राहात्याच्या शाळेत पाचवीला शिकवत होते आणि कागदाची टंचाई म्हणून तपासलेल्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर मुलांसाठी कादंबरी लिहीत होते. राहात्यातली तीन भावंडं भंडारदऱ्याच्या डोंगरात चोरांची गुहा शोधायला निघतात, अशी गोष्ट. लिहून झालेलं प्रकरण मी दर शनिवारी वर्गाला वाचून दाखवत असे.

पहिल्याच शनिवारी पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, त्यांनी भाकरी बांधून घेतली का?"

मी भडकले. चोर धरायला निघालेल्यांना भाकरी कसली? पण सगळा वर्ग स्वतःच उपाशी असल्यासारखा माझ्याकडे बघत होता. दिली भाकरी.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा उठली. "निस्ती भाकरी? कालवन न्हाई?" मी ठेचा दिला. मग घरच्या शेळीची धार कोण काढणार, हे निघालं. शेळीसाठी मला एक मावशी आणावी लागली आणि मावशीला आणायला बैलगाडी. सातव्या प्रकरणापर्यंत भावंडं अजून उंबऱ्यातच!

शेवटी वैतागून मी चोरांनाच राहात्यात आणलं. हातात सुरे घेऊन चौघे चोर भावंडांच्या दारात उभे राहिले. आता कशी जिरली, असं मनात म्हणत मी कागद खाली ठेवला.

ती मुलगी हळूच उठली. "बाई, चोर लई लांबून आल्यात. जेवल्यात का?"

त्याच संध्याकाळी मी दौत पुढे ओढली आणि मावशीला पीठ मळायला बसवलं.