तीन गावांतला एक गजर

माझ्या वडिलांच्या मते मला गाता येत नाही. ते, म्हणजे आप्पा, देवगडजवळच्या आमच्या गावात भजनाचे बुवा आहेत. त्यामुळे हे मत साऱ्या पंचक्रोशीने कसलीही चौकशी न करता मान्य केलेलं आहे. लहानपणी त्यांनी मला कायम कोरसात बसवलं, तेही खांबाच्या आड. पुढे मी अकाउंटंट होऊन कुवेतला आलो, तेव्हा आप्पांना फार आनंद झाला. (नोकरी लागल्याचा, असं आई अजून सांगते.)

आप्पांच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी ठरवलं की एक गजर रेकॉर्ड करायचा आणि देवळाच्या सभामंडपात स्पीकरवर लावून त्यांना चकित करायचं. दादा गावाहून पखवाज वाजवणार, ताई डोंबिवलीहून पेटी, आणि मुख्य आवाज माझा! हे शेवटचं अर्थात मीच ठरवलं. आप्पांचं माझ्या गळ्याबद्दलचं मत सगळ्या गावासमोर खोटं पाडायचं, एवढीच माझी माफक इच्छा होती.

जुळवाजुळवीचं काम माझ्या मुलीकडे, सईकडे. ती जन्मल्यापासून कुवेतमध्ये. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिने आम्हा तिघांना नुसत्या टिकटिकीची एक फाइल पाठवली. ती हेडफोनवर ऐकत प्रत्येकाने आपापला भाग रेकॉर्ड करायचा आणि तिला धाडायचा.

"बाबा, जस्ट फॉलो द क्लिक. डोन्ट रश."

"अगं, मी भजनात वाढलोय!"

"दॅट्स व्हॉट आय ॲम अफ्रेड ऑफ."

घरात गावं तर एसीची घरघर रेकॉर्ड होते. मी एसी बंद केला.

"ऑगस्टात? कुवेतात?" बायको, मीनल, शांतपणे म्हणाली. "एक तर गाणं म्हण, नाहीतर संसार कर."

मी खाली पार्किंगमध्ये गेलो, गाडीत बसलो आणि काचा लावून, इंजिन बंद करून गाऊ लागलो. तिसऱ्या कडव्याला सूर वर चढला. डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद, एक हात छातीवर, दुसरा हवेत! एवढ्यात काचेवर धपाधप थापा. इमारतीचा रखवालदार, इथल्या भाषेत हारिस, पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"सर, सीने में दर्द?"

"नहीं, नहीं. गाना गा रहा हूँ."

त्याने मला नीट न्याहाळलं. "फिर भी एक बार डॉक्टर को दिखा लो, सर."

तिघांच्या फाइली सईकडे पोचल्या. तिने त्या एकावर एक ठेवून वाजवल्या. मी दुसऱ्या कडव्यात शिरत होतो, तेव्हा दादाचा पखवाज शेवटची तिहाई घेऊन मोकळा झाला होता! ताईची पेटी सुरुवातीला माझ्याबरोबर होती, मग दादाच्या मागे धावली आणि शेवटी दोघांचाही नाद सोडून एकटीच घरी गेली.

मी दादाला फोन लावला. "अरे, टिकटिक ऐकलीस ना?"

"ऐकलंय. पण गजर असो थंड कोण वाजवता? हात आपोआप धावता!"

त्याचंही खरं होतं. गजर संथ सुरू होतो आणि चढत जातो. कधी चढायचं ते बुवा भुवई उचलून सांगतात आणि सगळे त्या भुवईकडे डोळे लावून बसतात. इथे भुवईच नव्हती, म्हणून प्रत्येक जण आपल्या मनाने चढला. (मीही चढलो होतो. फक्त माझं चढणं दादाच्या उतरण्यानंतर झालं.)

"मग व्हिडिओ कॉलवर एकमेकांना बघत वाजवू," ताई म्हणाली.

आता आवाज उशिरा पोचायचा. मी दादाच्या थापेसाठी थांबायचो, दादा ताईच्या सुरासाठी आणि ताई माझ्यासाठी. गजर चढायच्या ऐवजी उतरू लागला. चौथ्या कडव्यापर्यंत तो इतका मंदावला की मीनल आतून धावत आली. "कोण गेलं?"

वाढदिवस चार दिवसांवर आला. शेवटी ताईने जे म्हणायला नको होतं तेच म्हटलं. "आपल्याला भुवई लागणार. मुख्य आवाज आप्पांकडूनच घेऊ."

मला फार वाईट वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं. पण दोन विरुद्ध एक मतांनी मी परत कोरसात गेलो!

दादाने आप्पांना सांगितलं की नव्या पोरांना शिकवायला गजर मोबाइलवर हवाय. आप्पांनी अंगात झब्बा चढवला आणि एका दमात गजर गाऊन टाकला. त्यांचा व्हिडिओ समोर ठेवून दादाने वाजवलं, ताईने वाजवलं, गावातल्या चौघांनी कोरस धरला आणि मी गाडीत बसून त्यात माझा आवाज मिसळला. सईने सगळ्या फाइली एकत्र केल्या आणि सगळं पहिल्या फटक्यात जुळलं.

वाढदिवसाला आम्ही कुवेतहून व्हिडिओ कॉलवर हजर होतो. सभामंडप भरलेला, आप्पा खुर्चीत. गजर सुरू झाला आणि स्वतःचा आवाज ऐकून ते आधी दचकले, मग डोळे मिटून मान डोलावू लागले. शेवटची तिहाई पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी माइक हातात घेतला.

"सगळा बरा जमला. पोरांनी मेहनत घेतल्यानी. पण कोरसात एक आवाज बेसूर आसा. तो आमच्या कुवेतवाल्याचो."

सभामंडप खो खो हसला. दादा हसला, ताई हसली, आईसुद्धा हसली. मी कॅमेऱ्याकडे बघून, जमेल तेवढं, हसलो.

सईने माझी बाही ओढली. "बाबा, डोन्ट फील बॅड. दॅट वॉज नॉट यू. आय हॅड टेकन यू आउट."

आप्पांचं माझ्याबद्दलचं मत सगळ्या गावासमोर खोटं ठरलं होतं! फक्त त्यासाठी मला गाण्यातून काढून टाकावं लागलं.