गिरगाव ते दादर, मांडीवर पाण्याचा नमुना

मुंबईत राहून मुंबईचंच प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांना मी आजवर हसत आले. पण पोटाच्या इन्फेक्शनमुळे आईची केमोथेरपी पुढे ढकलली गेली आणि डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" तेव्हाच ठरवलं, घरी येणाऱ्या वीस लिटरच्या जारचं पाणी तपासून घ्यायचं. पुढचा डोस तरी चुकू द्यायचा नव्हता.

तुम्हीही निघणार असाल तर आधी लॅबला फोन करा. मी घरचीच बाटली घासूनपुसून, भरून थेट दादर गाठलं. लॅबमधल्या मॅडमनी ती उघडलीसुद्धा नाही. जंतू तपासायचे तर निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्यायची आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. एक हेलपाटा फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी गिरगावातल्या आमच्या खोलीत, जार ज्यावर उलटा ठेवतो त्या तोटीच्या भांड्यातून लॅबच्या बाटलीत नमुना भरला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि टॅक्सी पकडली. भायखळ्याला रस्ता खोदलेला. डबा मांडीवर घेऊन मी दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बर्फ बघत होते.

वाटेत लालबागला आमच्या पाणीवाल्याचं गोदाम. शेजारच्या मसाल्याच्या दुकानांतल्या मिरच्यांचा ठसका लागून खोकत खोकतच आत शिरले आणि सीलबंद जार मागितला, तपासणीला.

"मॅडम, सील बघा, तारीख बघा. आपला माल एकदम क्लीन."

"ते रिपोर्ट सांगेल."

"सांगू दे की. चांगला आला तर मला पण एक कॉपी द्या, भिंतीवर लावतो."

मनात म्हटलं, थांब, दाखवते तुला. जार टॅक्सीत चढवला तसा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, दादरला पाणी नाय का?"

नमुने दिल्यावर भूक लागली. दादरला साबुदाणा वडा खाल्ला. गरम होता, चांगला होता. पाण्याची बाटली मागवली आणि तिच्याकडे नुसती बघत बसले. शेवटी पीयूषवर भागवलं.

रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. ते मी घरात येरझाऱ्या घालत काढले. सीलबंद जार स्वच्छ निघाला. जंतू होते ते आमच्या घरच्या नमुन्यात.

"जार उघडल्यावर किती दिवस वापरता?" मॅडमनी विचारलं.

"संपेपर्यंत."

"आणि खालचं भांडं कधी घासता?"

मी रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

घरी आले. आई पलंगावर बसून होती. तिला सगळं सांगितलं.

"जन्मभर मी सकाळी शिळं पाणी ओतलं, कळशी घासली, ताजं भरलं," ती म्हणाली. "जार आला तेव्हा मी त्यातलं पाणी पण ओतायला निघालेले. तूच म्हणालीस, आई, हे विकतचं आहे, हे शिळं होत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच लागलं. मी भांडं मोरीत पालथं करायला गेले तर म्हणाली, "अगं, तुळशीला तरी घाल."

पाणीवाल्याला कॉपी नेऊन दिली. आता जारऐवजी महापालिकेच्या नळाचं पाणी उकळून, गार करून पितो. डोस ठरल्या दिवशी झाला. रोज सकाळी आई शिळं पाणी ओतते आणि भांडं मी घासते. अंगात ताकद आली की घासायचं कामही तीच करणार म्हणते. मी त्या दिवसाची वाट बघतेय.