मावशीच्या बिनअंड्याच्या कोंबड्या

माझ्या मावशीला मूल झालं नाही, म्हणून सासरी तिला काडीची किंमत नव्हती. सासू तोंडावर म्हणायची, "खाऊन-पिऊन धडधाकट, पण उपयोग काय?" मग दिराने कोंबड्यांच्या दोन शेड तिच्या गळ्यात मारल्या आणि मावशीचे दिवस पालटले. अंडी यायला लागली तशी सासू गप्प झाली. दीर मात्र महाबेरकी. म्हणाला, "वहिनी, अंडी आहेत तोवर शेड तुमच्या. नाहीतर स्वयंपाकघर आहेच."

पिल्लांच्या पुढच्या खेपेला पहिल्या शेडमधली पिल्लं खोकायला लागली. लस दिली होती, तरीही! जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "हा कोंबड्यांचा कोरोना. त्याच्या अंगावरच्या काट्यांचा जीन सारखा बदलतो, मग जुनी लस चालत नाही. उद्या घशातले नमुने घेतो. वेगळा निघाला तर दुसऱ्या शेडला वेगळी लस देऊ. ती पिल्लं तरी वाचतील."

मावशी घाबरली. आपल्याला निष्काळजी म्हणतील म्हणून तिने त्याच संध्याकाळी उरलेली लस पाण्यातून सगळ्या पिल्लांना पाजली. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतो ना, तसं. डॉक्टर आला, घशात कापसाच्या काड्या फिरवून गेला. लस कधी दिली, हे त्याने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. अहो, त्या लसीतही जिवंत विषाणूच असतो! घशात तोच सापडला. अहवाल आला: जीन लसीशी तंतोतंत जुळतो, हीच लस चालू ठेवा. मावशीचा जीव भांड्यात पडला.

पिल्लं वाढली. तुरे लालभडक, पिसं तुकतुकीत. कोंबड्या खोक्यात जाऊन बसायच्या, उठायच्या, आणि खाली काहीच नाही. अंडं तयार व्हायची जागाच लहानपणी त्या खोकल्याच्या आजाराने आतून नासली होती. दोन्ही शेडमध्ये तेच. तेव्हा कुठे मावशीने त्या संध्याकाळचं सांगितलं, पुन्हा तपासणी झाली आणि काटा बदललेला खरा विषाणू हाती लागला. वर डॉक्टर मावशीवरच डाफरला, "आदल्या दिवशी लस पाजलीत, सांगायचं नाही का?" असा संताप आला मला! विचारायला तुझी जीभ झडली होती का रे?

खाटकाची गाडी दारात आली. दिराने एक कोंबडी पायाला धरून उचलली, हातानेच वजन पाहिलं आणि आईचंच वाक्य बोलला, "खाऊन-पिऊन धडधाकट, पण उपयोग काय?"

मावशीने ती कोंबडी त्याच्या हातातून काढून घेतली, सरळ धरली, स्वतः गाडीतल्या पिंजऱ्यात ठेवली. मग हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेली.