खांबाला हवी होती पट्टी

मांडव सजलेला, पाहुणे आलेले, अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या बंदरावरची लोखंडी मासळी-शेड तपासणारे इंजिनीअर तसे होते. वेल्डआधी खांबाच्या फ्लँजची, म्हणजे तुळई जिथे जोडतात त्या सपाट पात्याची, जाडी मोजायचे. तळहात वाकवून सांगायचे, “तुळई ओढता, फ्लँज वाकता, मगे वेल्ड मधीच फाटता.” फ्लँजला आतून आधाराच्या पट्ट्याच नव्हत्या, म्हणून उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी सही नाकारली.

“सायबानू, पावणे इले!” कंत्राटदार कळवळला.

“पावण्यांका च्या दी, खांबांका पट्टी दी.”

“तुमच्यापायी आमचे बांगडे उन्हात सुकतत,” मासेवाल्या चिडल्या.

“सुके माकाच विका गो.”

पट्ट्या लागेपर्यंत त्यांनी खरोखरच ते विकत नेले.

ते निवृत्त झाले. त्यांची फार आठवण येते. शेजारच्या बंदरावर पट्ट्यांविनाच शेड उभी राहतेय. बाया तिच्याखाली बसण्याआधी चला, काम अडवूया.